डेटा व्हिज्युअलायझेशनमध्ये करिअर : सांगलीत राहून कितपत जमतं?

चेंबर_नंबर_चार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालंय. सध्या तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये एमआयएस बघते. म्हणजे कुणाच्या बेदाण्याचे किती बॉक्स कुठल्या चेंबरला लागले, सौद्याला किती निघाले, भाडं कुणाचं थकलंय, बँकेचं तारण कुठल्या मालावर आहे, हे सगळं एक्सेलमध्ये ठेवायचं आणि सोमवारी मालकांच्या टेबलावर चार्ट ठेवायचे. मध्यंतरी पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं चार्ट-डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि त्यात रमले. रात्री जेवणं झाली की तेच उघडून बसते. घरच्यांना वाटतं ऑफिसचं काम घरी आणते.

आता पुण्यातल्या एका क्लासवाल्यांचा फोनवर फोन येतोय. सहा महिन्यांचा कोर्स, फी ७५ हजार, 'नोकरीची हमी'. आई म्हणते त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. बाबा काहीच म्हणत नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच मत.

मला विचारायचंय ते असं : नुसतं डेटा व्हिज्युअलायझेशन, म्हणजे आकड्यांचे चार्ट-नकाशे करणं, असं करिअर असतं का? कोडिंग किती लागतं? चित्रकला शाळेपासून बेताचीच आहे, त्याने अडतं का? आणि सांगली-मिरजेत राहून हे जमतं, की पुणं गाठावंच लागतं? या क्षेत्रातलं कुणी असेल तर सविस्तर लिहा. गोड बोललं नाही तरी चालेल.

भडंग_विथ_कांदा

आधी एक काम कर ताई. क्लासवाल्याला सांग, नोकरीची हमी स्टँपपेपरवर लिहून द्या. परत फोन आला तर बघ.

विश्रामबाग_वायफाय

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण मी तेच जगतोय. विश्रामबागला राहतो, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. अधूनमधून जावं लागतं. रात्रीची गाडी पकडायची, दिवसभर मीटिंगा उरकायच्या आणि परतायचं. पण सुरुवातीची वर्षं मी पुण्यात काढली हेही सांगायला हवं. अगदी नव्या माणसाला थेट घरून काम देणाऱ्या कंपन्या कमी. त्यांना माणूस आधी डोळ्यांसमोर हवा असतो.

आता मूळ प्रश्न. 'डेटा व्हिज्युअलायझेशन' या नावाची जागा शोधत बसलात तर हाती फार लागणार नाही. जागा निघतात त्या डेटा अ‍ॅनालिस्ट, बीआय डेव्हलपर, रिपोर्टिंग अ‍ॅनालिस्ट अशा नावांनी. त्यात चार्ट काढणं हा शेवटचा टप्पा. त्याआधी डेटा आणायचा, धुवायचा, जोडायचा. त्यासाठी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) लागतंच, त्याला पळवाट नाही. पॉवर बीआयमध्ये राहायचं तर पॉवर क्वेरी (डेटा धुणं), डेटा मॉडेल (टेबलांची जोडणी) आणि डॅक्स (सूत्रांची भाषा). ही मी सांगतोय ती क्रमवारी आहे. लोक उलटीकडून शिरतात, आधी डॅशबोर्डचे रंग निवडतात आणि मग दोन टेबलं जोडताना आकडे दुप्पट का झाले ते शोधत बसतात.

चित्रकलेचं विसरा. माझ्या हातचं मांजर आणि ससा यांत फरक ओळखता येत नाही.

तुम्ही सोमवारी मालकांसमोर काय ठेवता ते जरा नीट सांगा. नावं-आकडे नकोत, फक्त चार्ट कुठले आणि ते बघून मालक काय करतात, एवढंच.

चेंबर_नंबर_चार

एक मोठा पाय चार्ट. प्रतवारीप्रमाणे किती टक्के माल आहे त्याचा. हिरवा, पिवळा, काळा, आणि त्यांच्या आतल्या प्रती धरून चौदा-पंधरा फोडी होतात. मग चेंबरनिहाय बार चार्ट. मग थकीत भाड्याची यादी.

मालक काय करतात? पाय चार्टकडे बघून 'छान' म्हणतात, पान उलटतात आणि यादी हातात घेऊन फोन लावायला सुरुवात करतात.

विश्रामबाग_वायफाय

तुमच्या मालकांनी तुम्हाला या विषयातला पहिला धडा फुकट दिलाय. यादी त्यांच्या कामाची आहे, कारण ती बघून कुणाला फोन लावायचा ते ठरतं. पाय चार्ट बघून काहीच ठरत नाही.

पायच्या बाबतीत दुसरीही गोष्ट आहे. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच पट्टीवरची जागा माणूस सगळ्यात अचूक वाचतो. नंतर लांबी, मग कोन, त्याहून खाली क्षेत्रफळ, आणि रंगाची गडद-फिकट छटा तर आणखी मागे. पायमध्ये आपण वाचणाऱ्याला कोन आणि क्षेत्रफळ वाचायला लावतो. दोन-तीन फोडी असतील तर निभावतं. पंधरा फोडींमध्ये ७ टक्के कुठली आणि ९ टक्के कुठली ते सांगायला आकडेच छापावे लागतात. मग सरळ तक्ता काय वाईट?

तुमच्या जागी मी असतो तर प्रत सोडून मालाचं वय दाखवलं असतं. माल लागून किती महिने झाले, अशा आडव्या पट्ट्या, जुना माल वर. आणि तारण असलेला माल वेगळ्या रंगात. मार्च-एप्रिलला नवी आवक सुरू व्हायच्या आधी कुठला चेंबर मोकळा होणार आणि कुणाचा माल पडून आहे, ही तुमच्या मालकांची खरी चिंता असणार. माझा अंदाज चुकत असेल तर सांगा, तुम्ही त्या धंद्यात आहात.

आणि रंगांचं म्हणाल तर तुमच्याकडे आयतेच आहेत. हिरव्या बेदाण्याला हिरवा, काळ्याला काळा. लेजंड (कुठला रंग कशाचा ती सूची) बघायचीच गरज नाही. फक्त पिवळा पांढऱ्या कागदावर दिसत नाही, तो थोडा मोहरीकडे झुकवा.

चेंबर_नंबर_चार

अंदाज बरोबर आहे. जानेवारीनंतर रोज तोच विषय असतो. शेतकऱ्यांचेही फोन येतात, 'माल काढू का थांबू?' त्यावर आम्ही काहीच बोलत नाही, बोलायचंही नसतं. पण वयाच्या पट्ट्या हे डोक्यात आलंच नव्हतं. या सोमवारी करून बघते.

निवृत्त_पाटबंधारे

लेक आहेस म्हणून अरे-तुरे करतो.

मी या क्षेत्रातला नाही, पण नोकरीभर आकडेच लिहिले. तुम्ही मंडळी चार्ट, डॅशबोर्ड म्हणता ते आम्ही ग्राफपेपरवर पेन्सिलने काढत होतो. पावसाळ्यात दर तासाला एक टिंब. सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी सांगायला नको. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेली ती ज्यांनी पाहिली त्यांना हे आकडे झोपेतही आठवतात.

आता ऐक. एका पुराच्या वेळी कुणा हौशी पोराने पातळीचा चार्ट करून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला. रंगीत, झोकात. आणि त्यात नदी चढता चढता मध्येच खाली आलेली. आमच्या गल्लीत लोक म्हणायला लागले, उतार पडला, सामान वर नेऊ नका. मी पुलाकडून आलेल्या नोंदी बघितल्या, तर पाणी चढतंच होतं. मग चार्ट नीट पाहिला आणि उमजलं.

पातळी फूट-इंचात येते. ३९ फूट ९ इंच, ३९ फूट १० इंच, ३९ फूट ११ इंच, मग ४०. पोराने एक्सेलमध्ये भरलं ३९.९, ३९.१०, ३९.११, ४०. एक्सेलला इंच कुठले कळायला! ३९.१० चं त्याने ३९.१ केलं. म्हणजे ३९.९ वरून एकदम ३९.१. इशारा पातळीला दोन इंच राहिलेले असताना चार्ट सांगतोय की नदी पाऊण फूट उतरली.

कोडिंग किती लागतं ते या पोरांना विचार. मला विचारशील तर मोजमाप कशात झालंय ते आधी बघ. फुटाचा एक रकाना, इंचाचा दुसरा, इंच भागिले बारा, मग बेरीज. पाच मिनिटांचं काम आहे.

भडंग_विथ_कांदा

काका, अंगावर काटा आला. हे वेगळा धागा काढून लिहा की.

विश्रामबाग_वायफाय

काकांची पोस्ट प्रिंट काढून ठेवण्यासारखी आहे. नव्या पोरांना मी डेटा क्लिनिंगवर तासभर बोलतो, त्यापेक्षा ३९.१० पुरे.

शंकासुर_मिरज

उत्साहावर पाणी टाकायला आलोय, हलके घ्या.

आज एआयला फाइल दिली की मिनिटभरात दहा चार्ट काढून देतं, खाली निष्कर्षही लिहून देतं. अजून दोन-तीन वर्षांत हे काम उरणार आहे का? मग ७५ हजार आणि सहा महिने घालवायचे कशाला? बँकेची परीक्षा काय वाईट आहे? माझा भाचा पुण्यात डॅशबोर्डच करायचा. त्याच्या टीममधली निम्मी माणसं दुसरीकडे हलवली.

साताऱ्याचा_पुणेकर

शंकासुरांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. मी एका कंपनीत अ‍ॅनालिटिक्सची टीम सांभाळतो, मुलाखती घेतो. ठरलेला डेटा घ्या, ठरलेला चार्ट काढा, दर महिन्याला पीपीटीत चिकटवा, अशा कामाला माणसं कमी लागायला लागलीत हे खरं आहे. त्या कामावर करिअर उभं करू नका.

पण काकांची फाइल एआयला देऊन बघा. ३९.९, ३९.१०, ३९.११. रकान्याचं नाव नुसतं 'पातळी'. बहुतेक वेळा ते सुबक चार्ट काढून देईल आणि खाली लिहीलही की पातळीत घट दिसते. हा आकडा इंचाचा आहे हे कळायला आयर्विन पूल माहीत असावा लागतो किंवा विचारायची सवय असावी लागते. मी मुलाखतीत तीच सवय शोधतो.

ताईंसाठी मुलाखतीच्या टेबलापलीकडून थोडं सांगतो.

पोर्टफोलिओ म्हणून लोक जे आणतात ते तेच तेच. टायटॅनिकचे प्रवासी, टॅब्लो या चार्टच्या सॉफ्टवेअरसोबत येणारा सुपरस्टोअरचा नमुना डेटा, आयपीएल. सगळ्यांचे चार्ट सारखे, कारण सगळ्यांनी एकच व्हिडिओ बघितलेला असतो. कुणी बेदाण्याच्या साठ्याचं वय घेऊन आलं तर मी खुर्चीत सरसावून बसेन. मग विचारीन, हा चार्ट लावल्यावर कुणी काय वेगळं केलं? इथे नव्वद टक्के उमेदवार गडबडतात. (नव्वद हा आकडा बोलीभाषेतला, मोजलेला नाही. या धाग्यावर काळजी घेतलेली बरी.)

त्यानंतर एसक्यूएल. जॉइन, ग्रुप बाय, विंडो फंक्शन. कागदावर लिहायला लावतो. पायथन किंवा आर यांपैकी एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर उत्तम, पहिल्या नोकरीला अडत नाही. मायक्रोसॉफ्टची पॉवर बीआयवरची पीएल-३०० ही परीक्षा दिलेली असेल तर एचआरच्या चाळणीतून अर्ज पुढे सरकतो. माझ्यापर्यंत आल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. पण माझ्यापर्यंत यायला हवं ना! तिची तयारी मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट आहे. ७५ हजारांतलं बरंचसं तिथेच वाचलं.

पगाराचे आकडे मुद्दाम टाकत नाही. शहर, कंपनी आणि नशीब यांवर इतके बदलतात की वाचणाऱ्याची दिशाभूलच होते. पहिल्या नोकरीत फार अपेक्षा नको, एवढं नक्की. संख्याशास्त्राची पदवी आहे ही जमेची बाजू. तिला कमी लेखू नका, संगणकवाल्यांपेक्षा तुमचा पाया पक्का आहे.

शंकासुर_मिरज

बरं. इंचाचा मुद्दा मान्य. बँकेच्या परीक्षेचा मी अजून सोडलेला नाही.

माणदेशी_मेंढरू

आटपाडीचा आहे, म्हणून एक ठसठसणारी गोष्ट लिहितो. 'सांगली जिल्ह्यात समाधानकारक पाऊस' अशी बातमी येते, सोबत एक निळा बार. तो जिल्ह्याचा सरासरी बार असतो. चांदोलीकडे शिराळ्याच्या डोंगरात धो धो कोसळतो आणि इकडे आटपाडी-जतला टँकर चालू असतात. दोन्हींची सरासरी काढली की समाधानकारक! आमच्याकडे कुणाचं समाधान झालं ते दाखवा.

तेव्हा ताई, काही करशील तर तालुक्याचं कर. दहा तालुके, दहा छोटे चार्ट, सगळ्यांना एकच पट्टी. शेजारी शेजारी ठेवले की बोलायची गरज पडत नाही.

आणि नकाशा करशील तर जपून. जत क्षेत्रफळाने जिल्ह्यात सगळ्यात मोठा. कसलाही नकाशा रंगवला तरी आधी जतच डोळ्यांत भरतो. लोकसंख्या मात्र मिरज तालुक्यात जास्त, आणि तो नकाशात मानाने लहान. एकूण रुग्ण, एकूण मतदार असे आकडे नकाशावर रंगवले की वाचणारा जमीन मोजतो आणि माणसं मोजल्यासारखं समजतो. दर हजारी किंवा दर लाखी काढून मगच रंगवायचं.

पान_एक

माणदेशींना अनुमोदन. मी वर्तमानपत्रात ग्राफिक्सचं काम करतो. इथे अजून कुणी आमच्या बाजूचं बोललं नाही म्हणून लिहितो.

बातम्यांमधलं व्हिज्युअलायझेशन ही वेगळी वाट आहे. मराठीत जागा थोड्या, इंग्रजीत जरा जास्त. संध्याकाळी सातला आकडे येतात, नऊला पान सुटतं. पण एखाद्या निवडणुकीच्या रात्री लोक आपल्याच नकाशाकडे बघत बसलेले असतात, ती नशा वेगळी. फुकटात सुरुवात करायला डेटारॅपर आणि फ्लरिश ही दोन साधनं धरा. नकाशांसाठी क्यूजीआयएस, तेही फुकट.

दोन गोष्टी ज्या क्लासात सांगत नाहीत :

एक. भारताचा नकाशा. परदेशी साधनांमधला तयार नकाशा घेतला की काश्मीरजवळ तुटक रेषा येतात. आपल्याकडे देशाची सीमा चुकीची छापणं कायद्याने गुन्हा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या सीमा घ्या आणि त्याच वापरा. आमच्याकडे नकाशाचं पान सोडण्याआधी एक माणूस फक्त तेवढंच बघतो.

दोन. देवनागरी. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या चार्टच्या साधनात मराठी लेबल टाकलं की पहिल्यांदा चौकोन येतात, कारण मूळ फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. 'नोटो' किंवा 'मुक्ता' नावाचा फॉन्ट दिला की अक्षरं येतात, पण माझ्या लॅपटॉपवर तरी 'स्थिती'ची ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. ब्राउझरमध्ये चालणारी साधनं घेतली, म्हणजे डेटारॅपर किंवा डी-थ्री, तर अक्षरं नीट जुळतात. मराठीत चार्ट करणारे कमी असण्यामागे हेही एक कारण आहे असं माझं मत. माणूस वैतागतो आणि 'सांगली' रोमनमध्ये लिहून मोकळा होतो.

मराठीत नीट चार्ट करणारं कुणी भेटलं तर आम्हाला हवं आहे. सहकारी संस्था, ग्रामपंचायती, आरोग्याचं काम करणाऱ्या संस्था, सगळ्यांना हवं आहे. पैसे कोण किती देईल ते विचारू नका.

भडंग_विथ_कांदा

शेवटच्या वाक्यात सगळं आलं.

कृष्णाकाठची

मी गृहिणी आहे, कॉम्प्युटर येतो. पुराच्या काळात ग्रुपवर असे चार्ट यायचे की एका रेषेत कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी आणि दुसऱ्या रेषेत सांगलीची पातळी. दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून. लगेच सगळे म्हणायचे, बघा, सिद्ध झालं! ते खरंच सिद्ध होतं का हो?

नियंत्रक

अलमट्टीवर वेगळा धागा आहे, ४०० च्या वर प्रतिसाद आहेत आणि तो एकदा कुलूपबंद करावा लागलाय. इथे फक्त चार्टबद्दल बोला.

निवृत्त_पाटबंधारे

नियंत्रकसाहेब, चार्टबद्दलच बोलतो.

ताई, डावीकडे एक पट्टी आणि उजवीकडे दुसरी असा चार्ट असेल तर काढणारा दोन्ही पट्ट्या हव्या तशा ताणू शकतो. पातळी फुटात, विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. त्यांचा एकमेकांशी मेळ घालणारी पट्टी देवाने दिलेली नाही, ती चार्टवाल्याने ठरवलेली असते. रेषा चिकटवायच्या असतील तर चिकटवता येतात, लांब न्यायच्या असतील तर नेता येतात. अलमट्टीच्या जागी कोयना घाल, दुधाचा भाव घाल, तसंच होईल.

शिवाय पाण्याला वाट चालायला वेळ लागतो. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं, तिथून इकडे. खाली हरिपूरला वारणा मिळते, ती फुगलेली असेल तर कृष्णेचं पाणी मागे तटतं. हे सगळं दोन रेषांत मावत नाही. मी असे चार्ट एकावर एक ठेवतो, वर कोयनेचा विसर्ग, खाली आयर्विनची पातळी, वेळेची पट्टी दोन्हींना एकच. मग उशीर डोळ्यांना दिसतो आणि कुणी ओढाताण करू शकत नाही.

मोजमापाचं अजून एक. लोकांना क्युसेक आणि टीएमसी (अब्ज घनफूट) यांचा संबंध लागत नाही. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालू राहिले की एक टीएमसी होतो. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. चार्टच्या तळाला एवढी एक ओळ लिहिली तरी निम्म्या अफवा बसतील.

जाता जाता. शंकासुर म्हणाले बँक बरी. असू दे, दुसरी नोकरी करूनही चार्ट काढता येतात. तो नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीचा प्रसिद्ध चार्ट आहे ना, सैन्य जाताना जाड पट्टा आणि येताना दोरा झालेला, तो काढणारा मिनार्ड पेशाने पूल-रस्त्यांचा इंजिनियर होता. १८६९ साली काढला तेव्हा वय ८८. आमच्या खात्यातल्या माणसांना अजून वाव आहे म्हणायचा!

साताऱ्याचा_पुणेकर

काका, दोन चार्ट एकावर एक आणि वेळेची पट्टी एक, हे आमच्याकडे सीनियर लोकांना समजवावं लागतं. तुम्ही कधी येताय बोला, ऑफर लेटर तयार ठेवतो.

चेंबर_नंबर_चार

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

क्लासला नाही म्हणून कळवलं. ते लगेच ४० हजारांत देतो म्हणाले, त्यावरून काय ते समजले. एसक्यूएल सुरू केलंय. पीएल-३०० ची तयारी करीन, पण परीक्षा इतक्यात देणार नाही. बँकेचा फॉर्म आईने भरलाय, शंकासुर खूश असतील.

सोमवारी वयाच्या पट्ट्या ठेवल्या. मालकांनी 'छान' म्हटलं नाही. चष्मा काढला, परत घातला आणि वरच्या तीन पट्ट्यांवर पेनने खुणा केल्या. मग विचारलं, 'यातलं तारण सुटलेलं कुठलं?' तो रंग मी दिलाच होता. तिथल्या तिथे तीन फोन झाले.

एक विचारायचं आहे. हा चार्ट पोर्टफोलिओत टाकला तर चालेल का? टॅब्लो पब्लिक फुकट आहे म्हणून तिथे टाकायचा विचार आहे. नावं काढून टाकीन.

विश्रामबाग_वायफाय

अजिबात टाकू नका. टॅब्लो पब्लिकवर ठेवलेलं सगळ्या जगाला दिसतं, आणि उतरवून घ्यायची मुभा चालू राहिली तर चार्टमागचा डेटाही जातो. नावं काढली तरी कुठल्या चेंबरला कुठल्या प्रतीचा किती माल आहे ते बाजारातला माणूस वाचून ओळखेल. सौद्याच्या आदल्या दिवशी समोरच्याला तुमच्या मालकांचा साठा कळणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

रचना तीच ठेवा, आकडे बनावट घाला आणि 'आकडे काल्पनिक' असं ठळक लिहा. किंवा सार्वजनिक डेटा घ्या. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर बाजार समित्यांचे भाव असतात, हळदीचेही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, भावाच्या रेषेवर तेवढी एक उभी खूण करून बघा. पण 'जीआयमुळे भाव वाढला' असं मात्र लिहू नका, त्याच काळात बाकी शंभर गोष्टी घडलेल्या असतात.

पान_एक

किंवा आयर्विनचाच करा. मराठीत. काकांच्या पद्धतीने. पावसाळा तोंडावर आहे, लोक वापरतील.

चेंबर_नंबर_चार

चालेल. काका, जुन्या नोंदी तुमच्याकडे असतील ना? मिळतील का?

निवृत्त_पाटबंधारे

वहीत आहेत. हरभट रोडला झेरॉक्स काढून ठेवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

बार काढू नकोस, रेषाच काढ. बार काढलास तर शून्यापासून सुरू करावा लागेल, आणि शून्यापासून सुरू केलास तर ४० आणि ४५ यांच्यामधलं अंतर बोटभर दिसेल. आपल्याला बघायचंय ते तिथेच. ४० ला एक आडवी रेघ, ४५ ला दुसरी. नुसत्या लाल-हिरव्यावर विसंबू नकोस, रेघेवर 'इशारा', 'धोका' असं लिही. आमच्या एका चौकीदाराला लाल-हिरवं वेगळं दिसायचं नाही, पण वाचता यायचं.

चेंबर_नंबर_चार

पहिला मसुदा टाकतेय, २०१९ च्या ऑगस्टचा. फूट आणि इंच वेगळे घेऊन इंचांना बाराने भागलंय. मंडळी, दोष काढा.

साताऱ्याचा_पुणेकर

रेषा उत्तम. लेबलं थेट रेघेवर आहेत, लेजंड नाही, छान. आडव्या पट्टीवर तारखेसोबत वेळही घेतलीय ते फार बरं केलं. नुसती तारीख घेतली की पॉवर बीआय दिवसातल्या सगळ्या नोंदी आपणहून बेरीज करून दाखवतं आणि आयर्विनची पातळी दोनशे फुटांवर जाते.

निवृत्त_पाटबंधारे

७ ऑगस्टच्या पहाटेच्या दोन नोंदी गाळल्या आहेस. वहीत आहेत, शाई पसरलीय म्हणून झेरॉक्सला आल्या नसतील. मी वाचून सांगतो. तोवर तिथे रेषा जोडू नकोस, तुटक ठेव.

माणदेशी_मेंढरू

चांगलं झालंय. पाण्याचा एवढा चार्ट आमच्या तालुक्याला कधी लागला नाही, पण चांगलं झालंय.

भडंग_विथ_कांदा

ताई, सगळं झकास. फक्त वरती शीर्षकात पॉवर बीआयने आपणहून टाकलेलं 'सम ऑफ पातळी' (पातळीची बेरीज) तसंच राहिलंय, ते काढ.